नुसतं ‘सीपी’ लिहून भागत नाही: प्रकार, पातळी आणि त्यावरून ठरणारे उपचार

ऐरोलीहून एका आईने विचारलं आहे. मुलगा तीन वर्षांचा, ३१व्या आठवड्यात जन्मलेला, महिनाभर काचेच्या पेटीत होता. आता धरून उभा राहतो, पण टाचा टेकत नाहीत आणि पायांची कात्री होते. फाईलवर ‘स्पास्टिक डायप्लेजिया, जीएमएफसीएस ३’ असं लिहिलंय आणि पोटरीत बोटॉक्सचं (स्नायू काही काळ सैल करणारं) इंजेक्शन सुचवलंय. थेरपीला येणाऱ्या एका मुलीलाही सीपीच (सेरेब्रल पाल्सी) आहे. ती पूर्ण दिवसांची, पण जन्मानंतर तिची कावीळ फार वाढली होती. तिला इंजेक्शन नाही, गोळ्या चालू आहेत. आजार एकच, मग उपचार दोन कसे? आणि इंजेक्शन घ्यावं का?

ताई, दोघांना आजार एकच आहे हे गृहीतकच आधी बाजूला ठेवा. सेरेब्रल पाल्सी हे एका आजाराचं नाव नसून एका गटाचं नाव आहे. मेंदू घडत असताना, म्हणजे पोटात, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत त्याला इजा झाली, ती इजा पुढे वाढत नाही, पण हालचाल आणि शरीराची ठेवण कायमची बिघडली, एवढंच त्या नावातून कळतं. इजा मेंदूच्या कुठल्या भागाला झाली, त्यावर बाकी सगळं अवलंबून. म्हणून फाईलवर चार गोष्टी हव्यात: स्नायूंचा ताण कोणत्या जातीचा आहे, शरीराच्या कोणत्या भागात आहे, मूल हालचालीच्या कोणत्या पातळीवर आहे (जीएमएफसीएसचा आकडा, तो पुढे सांगतो), आणि कारण काय (एमआरआयसह). तुमच्या फाईलवर यातल्या तीन आहेत. पुष्कळ फायलींवर एकही नसते.

पहिली गोष्ट, म्हणजे ताणाची जात, सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी. स्पास्टिक, डिस्कायनेटिक (म्हणजे मनाविरुद्ध होणाऱ्या हालचाली; यात डिस्टोनिया आणि कोरिओअ‍ॅथेटोसिस येतात), अटॅक्सिक (तोल जाणारी) आणि मिश्र अशा या जाती. दहापैकी आठ किंवा त्याहून थोडी जास्त मुलं स्पास्टिक गटातली असतात. त्यामुळेच दिसेल त्या मुलाला ‘स्पास्टिक’ म्हणायची सवय लागते आणि डिस्टोनियाची मुलं त्यात हरवून जातात.

स्पास्टिसिटीत स्नायू वेगाला उत्तर देतो. पाऊल हळू वर उचललं तर बरंच वर येतं, झटक्यात उचललं तर मध्येच अडकतं. मूल जागं असो, हसत असो, रडत असो, फरक थोडाच पडतो. डिस्टोनियाचं तसं नसतं. मुलीने खेळण्याकडे हात नेला, बोलायचा प्रयत्न केला, कोणी अचानक हाक मारली की अंग पिळवटतं, तोंड उघडं राहतं, मान एका बाजूला जाते. कधी हात आत वळतो, तर तासाभराने बाहेर. ती गाढ झोपली की तेच अंग सैल पडतं. ही शेवटची खूण घरच्यांना सहज तपासता येते आणि क्लिनिकमध्ये आम्हाला ती दिसत नाही, कारण तिथे मूल घाबरलेलं असतं. म्हणून मोबाईलवर तीन छोट्या क्लिप काढून न्याव्यात: शांत पडलेलं असताना, हाताने काही घेताना, आणि झोपेत. प्रत्येकी मिनिटभर पुरे, पण पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि पांघरूण काढलेलं हवं. चार वर्षांपुढच्या मुलांसाठी ‘हायपरटोनिया असेसमेंट टूल’ नावाची सात मुद्द्यांची तपासणी आहे. ती करायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

आता तुमचा मुलगा आणि ती मुलगी वेगळे का, ते पाहू. साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा कमी पडला किंवा संसर्ग झाला की तिथे इजा होते. तिला पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया म्हणतात, एमआरआयच्या रिपोर्टवर ‘पीव्हीएल’ असं लिहिलेलं दिसेल. पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांच्या सगळ्यात जवळून जातात, हातांचे थोडे लांबून, तोंडाचे आणखी लांबून. इजा लहान असेल तर पाय घट्ट आणि हात बरे, हेच डायप्लेजिया. मोठी असेल तर हातही सापडतात आणि क्वाड्रिप्लेजिया होतो. मुलीच्या बाबतीत काविळीचं बिलिरुबिन मेंदूच्या आत खोलवर असलेल्या ग्लोबस पॅलिडस या भागात उतरलं. हा भाग हालचाल नेमकी आणि आटोपशीर ठेवतो. तो बिघडला की डिस्टोनिया येतो. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना फार गुदमरलं तरी जवळपासच्या बेसल गँग्लिया आणि थॅलॅमसला इजा होऊन असंच चित्र दिसू शकतं.

बोटॉक्स ठरावीक स्नायूत दिलं जातं. तुमच्या मुलात नेमके कोणते स्नायू त्रास देतात ते ठरलेलं आहे: पोटऱ्या, आणि कात्री होते म्हणजे मांडीच्या आतले. त्या मुलीचा ताण अंगभर फिरतो. कुठे कुठे टोचणार? म्हणून तिला ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा बॅक्लोफेनसारख्या गोळ्या. डिस्टोनियातही एखाद्या ठिकाणी इंजेक्शन देतात, पण ते सगळ्या अंगावरचं उत्तर नव्हे.

इंजेक्शन घ्यायचं की नाही, याचं उत्तर एका तपासणीत आहे. मूल अगदी सैल असताना (झोपेत उत्तम) गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूहळू वर आणायचं. काटकोनाच्या वर येत असेल, तर स्नायूची लांबी शाबूत आहे आणि अडथळा ताणाचा आहे. इथे इंजेक्शनचा उपयोग होतो. कितीही हळू केलं तरी काटकोनापर्यंतही येत नसेल, तर स्नायू आखूड झालाय. आखूड झालेला स्नायू बोटॉक्सने लांबत नाही, त्याला आधी प्लास्टर लागतं. हे करताना एक चूक हमखास होते. पंजा धरून ढकललं की पाऊल मधूनच वाकतं आणि वर आल्यासारखं दिसतं, टाच मात्र जागची हलत नाही. रोज असं ‘स्ट्रेचिंग’ केलं तर पोटरी तशीच राहते आणि तळव्याची कमान मोडते. टाच तळहातात घ्यायची, पाऊल किंचित आत वळवून धरायचं आणि टाच खाली ओढत पाऊल वर आणायचं. घरी फक्त हळूच करा. झटक्याची तपासणी थेरपिस्टकडे राहू द्या.

इंजेक्शनचा परिणाम तीन ते सात दिवसांत जाणवायला लागतो, चार ते सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे तुम्ही पैसे देऊन तीन महिन्यांची संधी विकत घेताय. त्या काळात काही केलं नाही तर चौथ्या महिन्यात मूल होतं तिथेच. म्हणून हो म्हणण्याआधी पुढचा कार्यक्रम लिहून मागा: गरज असेल तर एक-दोन आठवड्यांनी प्लास्टर, दर आठवड्याला बदलून दोन ते चार वेळा, मग एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा) स्प्लिंट, आणि रोजचा सराव. उठून उभं राहणं, स्टुलावरून उठणं-बसणं, पायरी चढणं. स्पास्टिक स्नायू घट्ट असतो तितकाच अशक्तही असतो, नुसतं ताणत बसून मूल चालायला लागत नाही. वेगवेगळ्या ब्रँडचे युनिट सारखे नसतात, तेव्हा कोणता ब्रँड आणि प्रत्येक स्नायूत किती युनिट दिले याची नोंद फाईलवर हवी. पुढच्या वेळी दवाखाना बदलला तर तीच उपयोगी पडते. ज्या मुलांना गिळायला आधीच त्रास आहे, त्यांच्यात हे इंजेक्शन जास्त जपून द्यावं लागतं. नंतर घास अडकायला लागला किंवा श्वास जड वाटला तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

स्प्लिंटबद्दल थोडं, कारण आपल्याकडच्या दमट हवेत तो प्रश्न रोजचा. आत सुती, शिवण नसलेला, गुडघ्यापर्यंतचा मोजा घाला, पावसाळ्यात दिवसातून दोनदा बदला. पट्टा आधी घोट्याचा बांधायचा, टाच मागे पूर्ण टेकली आहे हे पाहून. टाच वर तरंगत असेल तर त्या स्प्लिंटचा काही उपयोग नाही. काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाल डाग राहिला तर तो भाग घासून किंवा तापवून सैल करून आणा. ‘सवय होईल’ यावर विश्वास ठेवू नका. बूट एक-दोन नंबर मोठा घ्या आणि आतला सोल काढून टाका. या वयात स्प्लिंट वर्षभर पुरला तरी पुष्कळ.

टाचेची शिर लांब करण्याची शस्त्रक्रिया एवढ्या लवकर कोणी सुचवली, तर दुसरं मत घ्याच. डायप्लेजियाच्या लहान मुलात ती एकटी केली की टाच लगेच टेकते, घरात पेढे वाटले जातात, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी मूल गुडघे वाकवून, खाली बसत चालायला लागतं. शिर गरजेपेक्षा सैल झाली की नडगीला पुढे झुकण्यापासून रोखणारं काही उरत नाही. म्हणून जमेल तितकं थांबून, खुबा, गुडघा, घोटा सगळ्याचा विचार करून एकाच वेळी शस्त्रक्रिया करण्याकडे कल असतो, साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. तोवर प्लास्टर, स्प्लिंट, इंजेक्शन यांवर वेळ काढायचा. निवडक डायप्लेजियाच्या मुलांत कण्यातल्या काही संवेदी मज्जातंतूंचे धागे कापण्याची सिलेक्टिव्ह डॉर्सल ऱ्हायझोटॉमीही करतात. डिस्टोनिया लपलेला असेल तर ती फसते. जात ओळखण्यावर एवढा भर देतोय तो यासाठीच.

पीव्हीएलच्या मुलांत डोळे तपासायला विसरू नका. डोळा चांगला असूनही मेंदूला नजरेच्या खालच्या अर्ध्या भागातलं नीट दिसत नाही, असं या मुलांत होतं. असं मूल जिना उतरताना बिचकतं, ताटात जवळचा घास सोडून पलीकडचा उचलतं, उंबऱ्याला अडखळतं. घरचे त्याला धांदरट म्हणतात. ताट थोडं उंचावर ठेवा आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा, फरक दिसेल.

आता ‘जीएमएफसीएस ३’. ही हालचालीच्या क्षमतेची, १९९७ पासून वापरात असलेली पाच पायऱ्यांची मोजणी आहे, आणि आकडा वाढला की अडचण वाढते. सहा वर्षांपुढच्या मुलासाठी सांगायचं तर पहिल्या पातळीचं मूल कठडा न धरता जिना चढतं, धावतं, फक्त तोल आणि वेग थोडा कमी. दुसऱ्याचं मूल चालतं, पण ठाणे स्टेशनचा पूल कठडा धरून आणि गर्दीत हात धरून. तिसऱ्याचं वॉकर किंवा काठ्या घेऊन घरात-शाळेत चालतं, लांबच्या अंतराला व्हीलचेअर. चौथ्याला बहुतेक वेळ व्हीलचेअर आणि बसायला आधार, पाचव्याला मान-धड सावरायलाही मदत. दोन वर्षांनंतर ही पातळी सहसा बदलत नाही. तिसऱ्या पातळीची मुलं हालचालीतल्या क्षमतेचा ९० टक्के पल्ला साधारण पावणेचार वर्षांपर्यंत गाठतात, पाचव्या पातळीची पावणेतीनपर्यंत. याचा अर्थ त्यानंतर थेरपी बंद असा कोणी काढू नये. पण ‘आधी चालू दे, मग शाळेचं बघू’ म्हणत सात-आठ वर्षं घालवणं हे मोठं नुकसान आहे. वॉकर आणि बालवाडी एकाच वर्षी सुरू करा. वॉकर मुलाने मागे ठेवून ओढायचा, पोस्टेरियर जातीचा घ्या, त्याने पाठ सरळ राहते. चाकांचा बसका बेबी वॉकर मात्र घरातून काढून टाका. त्यात मूल चवड्यांनी ढकलत फिरतं, म्हणजे जे नको तेच पक्कं होतं.

पातळीवरून आणखी एक गोष्ट ठरते: खुब्याचा एक्स-रे. मांडीच्या आतले स्नायू घट्ट असले की हाडाचा गोळा वाटीतून हळूहळू बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. पहिल्या पातळीत हा धोका जवळजवळ नाही, पाचव्यात दहापैकी नऊ मुलांपर्यंत जातो, तिसऱ्यात मधला. म्हणून तुमच्या मुलाचा एक एक्स-रे आत्ता हवा, आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे सहा महिने ते वर्षाने. रिपोर्टवर ‘मायग्रेशन परसेंटेज’ (गोळा वाटीबाहेर किती टक्के सरकलाय) लिहून मागा. ३० च्या वर गेलं की हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. फोटो काढताना मूल उताणं, दोन्ही पाय सरळ आणि समांतर, गुडघ्याच्या वाट्या छताकडे. कंबर कमानीसारखी उचलली जात असेल तर गुडघ्याखाली उशी. पाय वाकडे ठेवून काढलेल्या फोटोवरचा आकडा फसवा असतो आणि पुढच्या फोटोशी जुळत नाही. घरी तोवर कडेवर घेताना पाय दोन्ही बाजूंना फाकवूनच घ्या, आपली जुनी पद्धत इथे अगदी बरोबर आहे. स्टँडिंग फ्रेममध्ये उभं करत असाल तर आठवड्यातले पाच दिवस, रोज एकूण ६० ते ९० मिनिटं, दोन-तीन तुकड्यांत, पाय थोडे फाकवलेले.

बाकीचे प्रकारही ओळखता यावेत म्हणून सांगतो. हेमिप्लेजियात एकच बाजू अडकते, हात पायापेक्षा जास्त. पुष्कळदा कारण गर्भात किंवा जन्माच्या सुमारास मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटणं हे असतं. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरायला लागलं तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करू नका, दाखवा. ही मुलं जवळजवळ सगळी चालतात, म्हणून हाताकडे दुर्लक्ष होतं. त्या हाताला कामच पडत नाही आणि त्यातली जाणीवही कमी असते. चांगला हात मोज्यात बंद ठेवून दुसऱ्याकडून काम करून घेणं, किंवा दोन्ही हातांची कामं देणं, दोन्ही चालतं. एका टप्प्यात एकूण ३० ते ४० तास तरी भरले पाहिजेत. आठवड्याला दोनदा अर्धा तास थेरपीने तो आकडा कधीच गाठला जात नाही, घरीच गाठावा लागतो. मटार सोलणं, डब्याचं झाकण उघडणं, एका हाताने वाटी धरून दुसऱ्याने ढवळणं.

क्वाड्रिप्लेजियात हातपाय चारही आणि धडही. इथे चालण्याच्या आधी खाणं आणि श्वास येतात. पायांवर आडवं घालून बोंडल्याने पाजणं या मुलांत धोक्याचं आहे, दूध श्वासनलिकेत उतरतं. बसवून, हनुवटी किंचित खाली, घट्टसर खीर किंवा मऊ भात, छोट्या उथळ चमच्याने. एका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतोय, खाताना खोकला येतो, आवाज घरघरतो, छातीत वारंवार कफ होतो, यातलं काहीही असेल तर गिळण्याची तपासणी हवी. वजन वाढत नसताना व्यायाम वाढवून काही मिळत नाही.

अटॅक्सिक प्रकार सगळ्यात दुर्मीळ: पाय फाकवून, झोकांड्या देत चालणं, वस्तू घेताना हात थरथरणं. हे निदान सहज स्वीकारू नये, कारण असं दिसणारे अनेक जनुकीय आजार आहेत. नुसत्या सैल बाळालाही सीपी म्हणण्याआधी थांबावं. सैल आहे आणि गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतच नाही, तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या स्नायू अशक्त करणाऱ्या जनुकीय आजाराची रक्ततपासणी आधी. पुढे डिस्टोनिया होणारी काही बाळंही पहिलं वर्ष सैलच असतात.

‘सीपी’ हे लेबलच चुकीचं असू शकतं अशा काही खुणा आहेत: आलेलं कौशल्य गेलं; जन्माच्या वेळी काहीच बिघडलं नव्हतं; घरात दुसऱ्या मुलाला तसंच; आईवडील नात्यातले; एमआरआय स्वच्छ. खऱ्या सीपीतही दहातल्या एखाद्या मुलाचा एमआरआय स्वच्छ येतो, म्हणून त्या एकाच खुणेवर घाबरू नये. पण सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट असा डिस्टोनिया असेल तर लेव्होडोपा देऊन पाहायलाच हवं. त्या औषधाने पूर्ण सुधारणारा आजार वर्षानुवर्षं सीपी म्हणून सांभाळला जातो. तापानंतर अचानक डिस्टोनिया आणि डोकं मोठं, तर ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया हा जनुकीय आजार आहे का ते पाहावं. तुमच्या मुलात मुदतीपूर्व जन्म आणि डायप्लेजिया जुळतंय. एमआरआयवर पीव्हीएल दिसत असेल तर पुढे शोधाशोध नको.

स्टेम सेलच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोहोचल्या असतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सीपीवर तो मान्य उपचार नाही. ते पैसे व्हीलचेअर, स्प्लिंट आणि थेरपीला ठेवा.

कागदपत्रांचं एवढंच: दिव्यांग प्रमाणपत्रावर ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द आहेत का ते पाहा. नुसतं ‘अस्थिव्यंग’ लिहिलं तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यासाठी (एक लाखापर्यंत, थेरपीसह) अडचण येते, कारण ती योजना सीपी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे. ऐरोलीहून तुम्हाला जवळचं म्हणजे वाशीचं महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र, ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावरच. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. स्प्लिंट आणि पुनर्वसनाच्या सगळ्या बाजू एका छताखाली हव्या असतील तर हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था.

आणि त्या मुलीच्या आईला एक विचारा: तिची बेरा तपासणी (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी) झालीय का? काविळीच्या मुलांत कानाची साधी ओएई तपासणी पास होते, कारण कान चांगला असतो. बिघाड पुढच्या मज्जातंतूत असतो आणि तो बेरातच कळतो. या मुलांची समज पुष्कळदा उत्तम असते, पण ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही म्हणून मतिमंद ठरवली जातात. गोळ्या, विशेषतः बॅक्लोफेन, संपल्या म्हणून एकदम बंद करू नका असंही सांगा, त्याने फिट्स आणि जोराचा ताप येऊ शकतो. डिस्टोनिया अचानक वाढला तर औषध वाढवण्याआधी बद्धकोष्ठ, दात, कान आणि लघवीचा संसर्ग बघायचा. पिळवटणं थांबतच नसेल, ताप चढला असेल किंवा लघवी गडद झाली असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात.